चन्थाचे नाव मीच खोडले

मी, एस्तेर शांतवन साळवी, वय ७३, निवृत्त शिक्षिका, राहणार रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे असे त्यात म्हटले आहे. ती थोडी कमी असती तर बरे झाले असते.

१. राहते घर व सभोवतालची जागा ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी माझी शेजारीण रझिया हिला देते. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा सहा महिने तिने माझे सगळे केले. "बाई, जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही," असा तिचा दम असे. माझ्या चर्चच्या मंडळीतले कोणी उंबऱ्याशी फिरकले नाही. रझियाने घर विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे. माझी कोणतीही अट नाही. अट घालून देणे काय असते ते मी कंबोडियात पाहिले आहे, आणि स्वतः केलेही आहे.

२. ते इथेच लिहून ठेवते, कारण पुढच्या कलमाचा अर्थ त्यावाचून लागणार नाही. निवृत्तीनंतर, २०१० साली, एका मिशन संस्थेची स्वयंसेविका म्हणून मी कंबोडियातील एका खेड्यात मुलांना इंग्रजी शिकवायला गेले. संस्थेचा नियम होता, रविवारी जो प्रार्थनेला येईल त्यालाच सोमवारपासून वर्ग. चन्था नावाची अकरा वर्षांची मुलगी सर्वांत हुशार. रविवारी ती आजीबरोबर बाजारात भाजी विकायला बसे. तीन रविवार चुकले. संस्थेच्या समन्वयकांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. मी वाद घातला नाही. पट्टी ठेवून तिच्या नावावर सरळ रेघ मारली.

सोमवारी ती दारात आली. मी हात आडवा धरला. तिला वाटले, उशीर झाला म्हणून. मीच शिकवलेल्या वाक्यात ती म्हणाली, "टीचर, आय ॲम नॉट लेट." वाक्य बिनचूक होते. मी दार लावले.

आठवडाभर ती खिडकीबाहेर उभी राहून धडा म्हणत होती. मग समन्वयकांनी खिडकीही लावायला सांगितली. तीही मीच लावली. पुढे कळले, तिला सीमेपलीकडे थायलंडात मासळी साफ करण्याच्या कामावर धाडले. मी दुभाष्याला घेऊन तिच्या घरी गेले. आजीने आधी पाणी दिले. मग विचारले, "तुमच्या देवाला रविवारीच दिसतं का?" दुभाषा हे सांगायला कचरत होता. मी त्याला दोनदा विचारून घेतले. चन्थाचा पत्ता आजीलाही ठाऊक नव्हता. पुढे मी आजीच्या पत्त्यावर लिहिलेल्या पत्रांना उत्तर आले नाही.

३. माझा धाकटा भाऊ दानीएल, आपल्या मंडळीचा चिटणीस, यास वडिलांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, देते. त्यात संस्थेचे एक माहितीपत्रक ठेवले आहे. त्यावर चन्थाचा हसरा फोटो असून खाली 'प्रभूने बदललेले जीवन' असे छापले आहे. २०१२ साली मी परतल्यावर मंडळीने चर्चमध्ये माझी साक्ष, म्हणजे अनुभवकथन, ठेवले, तेव्हा हेच पत्रक प्रत्येक बाकावर होते. मी उभी राहून सांगितले, या मुलीला शाळेबाहेर मी काढले. पुढचे बोलण्याआधी दानीएलने माईक बंद केला. "ताई, खाली बस. बाहेरचे पाहुणे आलेत." मी बसले. आज वाटते, माईकवाचून बोलता आले असते. चाळीस मुलांच्या वर्गात तीस वर्षे बोललेच होते की.

त्यानंतर नाताळचा फराळसुद्धा त्याच्याकडून आला नाही. त्याने पत्रक फाडले तरी माझी हरकत नाही, पण आधी चेहरा नीट पाहावा.

४. माझी पुस्तके, फळा व बँकेतील शिल्लक माझ्याकडे शिकलेली ज्ञानेश्वरी हिला देते. परतल्यावर मी माझ्या ओटीवर संध्याकाळी घेत असे तो इंग्रजीचा वर्ग आता ती तिच्या घरी घेते. सुरुवातीला तिने हजेरीपट आणला होता. मी तो परत करायला लावला. "मग कोण आलं नाही हे कळणार कसं?" तिने विचारले. मी म्हटले, "घरी जाऊन विचार."

५. मला ख्रिस्ती दफनभूमीतच पुरावे. प्रभूशी माझे भांडण नाही, असे लिहिणार होते. पण आहे, आणि ते रोज सकाळी गुडघे टेकून चालू असते. दफनविधीत दानीएलने भाषण करू नये. माझा उल्लेख मिशनरी असा कोणी करू नये. दगडावर फक्त नाव व सन घालावेत. 'शिक्षिका' घालू का, असे माझे जुने सहकारी काशीराम गुरुजी यांनी विचारले. मी नको म्हटले.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी काशीराम गुरुजी यांनीच करावी. यापूर्वीचे, मंडळीच्या नावे केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, असे शेवटी घालायची पद्धत आहे, असे वकील म्हणाले. खुशी नाही. कोणाची जबरदस्तीही नाही. तेवढेच लिहून सही करते.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) एस्तेर शांतवन साळवी

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष केली :
१. (सही) डॉ. सुजय केळकर
२. (सही) वैष्णवी भाटकर