कोब्याखालचा कागद

लालबाग, ऑक्टोबर १९८९

प्रिय गुणाजी,

तुझं कार्ड मिळालं. भाऊबीजेला साडी कुठल्या रंगाची आणू, असं विचारलंयस. ते शेवटी सांगते.

संपाला वर्ष उलटलं तेव्हा चाळीनं मागच्या बागेत वाचनालयाची खोली बांधायला काढली आणि कोब्याचं काम ह्यांना दिलं. ह्यांचा जन्म लूमखात्यात गेलेला. तिथं हवा ओलीच ठेवतात, नाहीतर सूत तुटतं. "ओल कुठून शिरते ते मला विचारा," म्हणायचे. खडी, त्यावर वाळू, वाळूवर काळा प्लास्टिकचा जाड कागद, मग काँक्रीट. दोन कागद नुसते एकमेकांवर ठेवायला हे तयार नव्हते. माझी पितळी इस्त्री नेली आणि वर वर्तमानपत्र ठेवून सांधा चिकटवला. एका जागी टोक जास्त टेकलं, होडीच्या आकाराचं भोक पडलं. त्यावर तसंच होडीसारखं ठिगळ लावलं. इस्त्री खराब झाली म्हणून मी ओरडले, ह्यांच्या हाताखाली कामाला आलेला तू हसलास.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या गेटवरून ह्यांना पोलिसांनी उचललं. तीन दिवसांनी सुटून आले तोवर कोबा तू घातला होतास. दारातूनच विचारलं, "खाली कागद राहिला ना रे?" तू म्हणालास, "म्हणजे काय भावोजी! माझ्यावर विश्वास नाय?"

त्या पावसाळ्यात फरशीला घाम फुटला. खालच्या फळीवरची पुस्तकं फुगली, मग वरची. पुड्यांचे कागद वाचून मी अक्षर शिकले. त्या पुस्तकांवरची बुरशी मी पदरानं पुसत बसायची. चाळीतले ह्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "विणकरानं जमिनीतून पाणी विणलं बघा. कागद विकून खाल्लान." हे खाली बघून जिना चढायचे.

त्याच श्रावणात मी कॉटन ग्रीनला तुझ्याकडे आले. कौलांखाली काळा कागद ताणलेला होता. तुझी पोरं कोरडी झोपली होती. त्यांच्या डोक्यावर होडी होती. मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले. भाऊ म्हणून गप्प बसले. सहा भाऊबीजा तुला ओवाळलं.

हे गेले त्या आठवड्यात मला विचारत होते, "मी कागद घातला होता ना गं? मीच विसरलो नाही ना?" मी म्हटलं, "मला आठवत नाही." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

परवा रविवारी चाळीनं कोबा फोडला. खाली नुसती ओली वाळू. चाळीतले रामचंद्रभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तरी पटलं ना वहिनी?" लग्नात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी कधी ह्यांचं नाव घेतलं नव्हतं. परवा घेतलं. म्हटलं, "जयवंतनं कागद घातला होता. माझ्या भावानं काढून नेला. मला माहीत होतं, मी नवऱ्याला मरू दिलं पण बोलले नाही." रामचंद्रभाऊंनी तुझा पत्ता मागितला, तो मी माझ्या अक्षरात लिहून दिला. आता साडीचं. आणू नकोस. ताट मांडणार नाही, तूही येऊ नकोस. आलासच, तर तो कागद उतरवून आण, चाळीसमोर पसर आणि ठिगळावर बोट ठेवून सांग कोणाचं आहे ते.

तुझी म्हणून सही करवत नाही.

जयवंतची,
सुभद्रा