उलटा बांधलेला दोर

दादा,

शाळेतर्फे गावाचा इतिहास छापतायत. पूल होण्याआधीच्या होडीचं पान माझ्याकडे तपासायला आलंय. त्यात लिहिलंय, ‘नावाड्याच्या निष्काळजीपणामुळे होडी वाहून गेली, दोघे बुडाले.’ नावाडी म्हणजे तू.

सकाळपासून चारदा घाटावर जाऊन आलो. घरात बसवत नाही.

या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या ज्या दोराला धरून तू होडी ओढायचास, तो दरवर्षी बदलायचं काम माझं होतं. त्या वर्षी कंटाळा केला आणि जुनाच उलटा करून बांधला. आपल्या काठाला झिजलेला भाग पलीकडे गेला, जिथं धार जोरात असते. तू विचारलंस, “नवा आहे ना रे?” मी म्हणालो, “तू होडी सांभाळ, दोराचं मी बघतो.”

तू गाव सोडलंस, तेव्हाही मी गप्पच होतो.

दुपारी मुख्याध्यापक पान न्यायला आले. मी तुझा उल्लेख खोडून ‘दोर तुटल्यामुळे’ एवढंच लिहिलं होतं. ते वाचून म्हणाले, “झकास! कुणाला दोष नको, कुणाचं मन दुखायला नको.” त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली.

तुझ्यावरचा ठपका गेला, दादा. माझ्यावर मात्र आला नाही.

तुझा पत्ता वहिनीच्या माहेरी ठाऊक असेल. मी अजून विचारलेला नाही.

तुझा धाकटा