दुसऱ्यांदा गोठवलेला मका

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आईची सलाईन काल काढली. आज सकाळी तिने नर्सला "चहा म्हणजे काय असतो ते ठाऊक आहे का तुला?" असं विचारलं, म्हणजे सुधारणा आहे. परवा घरी सोडतील.

तुझा अर्ज आज सकाळी कुरिअरने मिळाला. आईला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना त्यांच्या संस्थेने यापुढे कुठल्याच घरी कामाला पाठवू नये, असं तू लिहिलं आहेस. शेवटी तुझी सही, आणि माझ्या सहीसाठी पेन्सिलीने फुली मारलेली. अजून पहिलीत असल्यासारखं वाटलं.

फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई आजारी पडली त्या सुपात त्या बाईने घातलं तरी काय?" तर कृती सांगतो. तू दर खेपेला गोठवलेल्या मक्याची आठ-आठ पाकिटं आणतेस, जणू आमच्या घराला वेढा पडणार आहे. त्यावरच आमचं चालतं. आईला दाणे चाववत नाहीत. म्हणून ते उकळायचे, मिक्सरमधून काढायचे, दुधात दाटसर शिजवायचे, वर लोणी आणि मिरपूड. कधी तेच मऊ भातात. बाकी कशालाही नाक मुरडणारी आपली आई याला मात्र "अजून पळीभर वाढ" म्हणते. दिवसभर ऑफिसात कोणी मला अजून थोडं वाढ म्हणत नाही, त्यामुळे संध्याकाळी मला ते ऐकायला बरं वाटतं.

संध्याकाळी, असं मी लिहिलं. तुझ्या लक्षात आलं असेल. मावशी पाच वाजता घरी जातात. सूप मी करतो.

आता सरळच लिहितो. फोनवर मी विनोद करून सटकतो, आणि तू चिडून फोन ठेवतेस. दोघांचीही सोय होते.

मिक्सर आणि फ्रिज यांना आमच्याकडे एकच सॉकेट आहे. शनिवारी सकाळी मी फ्रिजचा प्लग काढून मिक्सर चालवला आणि तो परत न लावताच ऑफिसला गेलो. मावशींनी दुपारी दूध काढायला फ्रिज उघडला, तेव्हा सगळी पाकिटं लिबलिबीत झाली होती. त्यांनी प्लग लावला आणि माझी वाट बघत थांबल्या.

"साहेब, मका टाकून देते. वास यायला लागलाय."

"अहो, आठ पाकिटं! ताईने एवढी ओझी वाहून आणलीत. तुम्ही जा घरी, मी बघतो."

"बघू नका, टाका," एवढं म्हणून त्या गेल्या.

मी बघितलं आणि परत फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी दगडासारखी टणक पाकिटं पाहून स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. सोमवारी मला उशीर झाला होता, आई भुकेली होती, गरम तिला सोसत नाही. दाणे न उकळता कोमट दुधात फिरवले. ती दोन वाट्या प्यायली. मंगळवारी सकाळी उलट्यांनी गळालेल्या तिला उचलून गाडीत घालावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी जेवण कोण बनवतं?" मी म्हणालो, "दिवसभर मावशी असतात." वाक्य खरं होतं. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. तू ते फोनवर ऐकलंस आणि मावशींना काढण्यापासून अर्जापर्यंत पुढचं सगळं तू केलंस. मी फक्त अडवलं नाही.

आणि आईला माहीत आहे, ताई. पळी माझ्या हातात होती. तू तिला फोनवर विचारलंस, तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाईनेच केलं असेल. याला कुठे वेळ असतो?" मग डोळे मिटून पडून राहिली. लहानपणी बशी मी फोडायचो आणि धपाटा तुला बसायचा, तेव्हाही ती अशीच बघायची. तुझं-माझं कधी धड का जमलं नाही, याची कारणं आपण उगाच लांब शोधत बसतो.

काल मावशी आपला डबा न्यायला आल्या. जिन्यातच थांबल्या. "ताई बोलल्या त्याचं काही नाही हो. पण पुढच्या घरी विचारतील, आधीचं घर का सुटलं? तेव्हा काय सांगू?" मी डबा दिला. त्या दोन पायऱ्या उतरून वळल्या. "आजींना आठवडाभर मऊ भातच द्या." ओरडल्या असत्या तर मी कदाचित आजही गप्प बसलो असतो.

तुझ्या अर्जावर मी सही केलेली नाही. त्याऐवजी काय घडलं ते लिहून आज दुपारी संस्थेत स्वतः देऊन आलो. त्यामुळे हे पत्र टाकू की नको, असं म्हणत आठवडा काढायची सोय उरलेली नाही. तिथून मावशींच्या घरी गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, आणि "बरं" म्हणून दार लावून घेतलं.

तुझ्या अर्जात एक वाक्य आहे : ज्याच्या हातून हे झालं, त्याच्या हाती आईला पुन्हा द्यायचं नाही. ते मी चार वेळा वाचलं. त्यात मला काही चूक सापडली नाही. आईला तुझ्याकडे न्यायला शनिवारी गाडी घेऊन ये. आईचे कपडे, चष्मा, औषधांची चिठ्ठी भरून ठेवली आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुझ्यासमोर सांगेन. ती मला अडवेल, तेव्हा तू तिला अडव.

ते सूप करणारा,
तुझा भाऊ