विरजण न घातलेला ट्रे

३ एप्रिल
संकल्प : हिचं काम पुढे चालवायचं. ही गेल्यापासून बंद असलेली मागची खोली आज उघडली. ट्रे, कुकर, भुशाचं पोतं, सगळं जागच्या जागी. फ्रीज तेवढा घरघरत होता. त्या आवाजाने वाटायचं, हीच आत खुडबुड करतेय. डोळ्याला डोळा लागायचा नाही. बंद केला एकदाचा. आत फक्त हिच्या बॅक्टेरियाच्या नळ्या. उन्हाळा आहे खरा, पण खिडकी उघडी ठेवलीय.

४ एप्रिल
झोप नाही. फारच शांत होतं.

९ एप्रिल
लेकीचा फोन. महिनाअखेरीस येतेय. आईची एक नळी तिच्या लॅबमध्ये नेणार, जपणार. हा बॅक्टेरिया हिने वर्षानुवर्षं खपून पालापाचोळ्याच्या ढिगातून निवडला. त्याचं एन्झाइम कापडावरची खळ झटक्यात उतरवतं. दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. फ्रीज चालू आहे ना, असंही विचारलं. म्हटलं, सगळं व्यवस्थित. (खोटं नाही. बंद फ्रीजसुद्धा व्यवस्थितच आहे.)

१४ एप्रिल
पहाटे पाचला सुरुवात करणार होतो. साडेदहाला केली. ही भुसा ओला करून कुकरमध्ये शिजवायची, गार करायची, मग नळीतले थेंब घालायची. मी त्याला विरजण म्हणायचो, ही चिडायची. पण कुकरची शिट्टी झाली की ही मागे उभी आहेसं वाटतं, अंगावर काटा येतो. सबब शिजवणं रद्द. शास्त्रात सुटसुटीतपणा हवा. नळीतलं पाणी गढूळ, वास बरा नव्हता. असू दे. विरजण घातलं, फडकं झाकलं.

१७ एप्रिल
फडक्याखाली हात घातला. गरम! कुणी आत्ताच उठून गेल्यावर खुर्ची लागते तसं. तिथेच बसून राहिलो. म्हटलं, बघ, जमलं की नाही. रडलोबिडलो नाही. त्या वासाने डोळ्यांत पाणी येतं.

१९ एप्रिल
बशीत पिठाच्या खळीचा थर दिला, त्यावर ट्रेमधला थेंब, नंतर आयोडीन. सगळं निळं, थेंबाभोवती लख्ख पांढरं वर्तुळ. पीठ फस्त! ही जिवंत आहे. म्हणजे हिचा बॅक्टेरिया.
खालच्या मजल्यावरचे वकील वासाची तक्रार घेऊन आले. रोज कुणाशी बोलता, हेही विचारलं. म्हटलं, प्रयोग चालू आहे.

२४ एप्रिल
योजना : मोठी शेड, शंभर ट्रे, दारावर हिचं नाव. कापड रंगवणारा एक रंगारी खळ उतरवायला नमुना बघायला तयार. आता रोज सकाळी चहा ट्रेजवळच घेतो. दोन कप नेतो. एक सांडला तर असावा.

२८ एप्रिल
लेक आली. वर्तुळ दाखवलं. खूश होण्याऐवजी म्हणते, विरजण न घातलेला ट्रे कुठाय? आई दर वेळी एक तसा ठेवायची. आईवर गेलीय, जाईल तिथे खोट काढणार. तिने त्याच पोत्यातला भुसा दुसऱ्या ट्रेमध्ये नुसता ओला करून ठेवला. त्यात काय उगवणार, कपाळ?

१ मे
तो ट्रेही गरम. आयोडीन टाकलं. तेवढंच वर्तुळ.
म्हटलं, बघ, ही तिकडेही पोचली.
लेक म्हणाली, "बाबा, हे बॅक्टेरिया भुशातलेच आहेत, आईचे नाहीत. न शिजवलेल्या कुठल्याही भुशात असतात."
मग तिने फ्रीज उघडला. आतला दिवा लागला नाही. ती ओरडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती ओरडलीच नाही. प्रत्येक नळीतला थेंब नव्या बशीत लावून ठेवला.

५ मे
बशा कोऱ्या. एकही नळी जिवंत नाही.
लेक सकाळच्या गाडीने गेली, रिकाम्या हाताने. जाताना एवढंच विचारलं, बंद का केलात? म्हटलं, आवाज यायचा. तिने माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.
भुसा टाकून दिला. ट्रे धुतले.
संकल्प : नाही.

६ मे
फ्रीज चालू केलाय. आत काही नाही. घरघरतोय, पूर्वीसारखाच. मागच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपतो.