पत्र्याच्या इमारतीतल्या बाहुल्या

सोलापूर, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९७५

आज वर्गात पत्र्याच्या चार मजली इमारतीत माझ्या मुलीच्या बाहुल्या ठेवून भूकंप दाखवला. टेबल हलवताच बाहुल्या कोसळल्या. "गेलं बिऱ्हाड!" मी म्हणालो. पोरं हसली. शिपाई तातोबांनी बाहुल्या पुन्हा उभ्या केल्या. मग इमारतीत तेलाच्या नळीतला दट्ट्या बसवून टेबल पुन्हा हलवलं. धक्का तेलात जिरला, एकही पडली नाही. टाळ्या.

वर्ग सुटल्यावर तातोबांनी विचारलं, "सर, दगडमातीच्या घरात ह्ये कुटं बसवायचं?"

कोयनेच्या भूकंपात त्यांची बायको आणि दोन लेकरं घराखाली गेली. मला ठाऊक होतं. तरी 'गेलं बिऱ्हाड' तोंडातून कसं निघालं?

"तसल्या घरात नाही बसत," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या."

आणि मी? माफी मागायची सोडून म्हणालो, "तातोबा, टेबल पुसून घ्या."