सुनेचं दुखणं

६ जानेवारी

सून आज परत आडवी. सकाळी नऊ वाजता! "आई, सगळं अंग ठणकतंय," म्हणाली. काल मात्र कपाटं आवरली, जाळी काढली, कामावर दुकानातही तरातरा चालत गेली. एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली मी. पोटदुखीची चिठ्ठी घेऊन आलेलं पोर दारातूनच ओळखायचे. हिला नाही ओळखणार?

भांडी मीच घासली. जरा आवाज करून.

११ जानेवारी

चौथा डॉक्टर झाला. रक्त, लघवी, एक्स-रे — सगळं नॉर्मल. मुलाने रिपोर्ट टेबलावर टाकले. मी म्हटलं, "चला, सुटलो." तर ही रडायला लागली. चांगला रिपोर्ट आला म्हणून कुणी रडतं का?

रात्री जेवताना मुलाला म्हटलं, "हिचं दुखणं घड्याळ बघून येतं." तो हसला. ती आत झोपली होती. ऐकलं असेल तर असेल.

२९ जानेवारी

तिच्या दुकानाच्या मालकाचा फोन. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. हात इतका साफ की मालक नवीन माणसं तिच्याकडे शिकायला बसवायचा. आज तिने उजवी काच डावीकडे बसवली. महिन्यात दुसऱ्यांदा. आता अर्धा दिवसच ये म्हणाला.

घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. चहा ओतायला घेतला आणि हात हवेतच थांबला. "आई, ते कुठंय... ते... चहा ज्यातून..."

"गाळणी," मी म्हटलं.

चौतीस वर्षांची आहे ती. मी सदुसष्टची, मला गाळणी आठवते. जरा धसका बसला. कुणाला बोलले नाही.

१३ फेब्रुवारी

आज सांधेदुखीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगा नेणार होता, पण कुठेशी लिफ्ट अडकली. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्याचं. हल्ली तिच्या प्रत्येक तारखेला लिफ्ट अडकते. म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं — हिला काही झालेलं नाही, असं कुणीतरी पदवीवालं माणूस एकदा तिच्या तोंडावर सांगताना.

बाईंनी पाऊण तास घेतला. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? "रात्रभर ओझी वाहिल्यासारखं वाटतं," सून म्हणाली. किती वर्षं? "सहा." कुणी हात लावला तर?

सुनेने माझ्याकडे बघितलं.

"बोला हो. सासूबाई काही खात नाहीत तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आई कौतुकाने पाठीवर थाप मारतात," सून म्हणाली. "ती थाप संध्याकाळपर्यंत दुखते."

चार वर्षांपूर्वी तिला अशीच थाप मारली होती, तर ती अंग चोरून बाजूला झाली. मी ते मनात धरून ठेवलं. हिला मी नकोशी आहे, अशी खूणगाठ बांधून बसले.

फायब्रोमायाल्जिया. तीनदा विचारून नाव लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, "दाराची घंटा कुणी हळूच दाबावी आणि घरात भोंगा वाजावा, तसं आहे यांच्या नसांचं. भोंगा खरा आहे. तो रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. त्या तपासण्या दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला." शब्द न आठवणं, दमणं, सगळं त्यातलंच.

"बरं कधी होणार?" मी विचारलं.

"पूर्ण जाईल असं खोटं नाही सांगणार. कमी करता येतं." झोपेसाठी औषध, रोज थोडं चालणं, हळूहळू वाढवत. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं घर उपसायचं नाही, पुढचे चार दिवस ते अंगावर येतं.

ती कपाटं. ती जाळी.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतही होती. "नाव आहे आई त्याला," म्हणाली. "मी वेडी नाही."



१४ फेब्रुवारी

मागची पानं वाचली. फाडणार होते. नाही फाडली. माझंच अक्षर आहे.

२ मार्च

कोपऱ्यापर्यंत आणि परत. अकरा मिनिटं. मी तिच्या बाजूने चालते, हात न लावता. "आई, तुम्ही पोलिसासारख्या चालताय," म्हणाली. मी म्हटलं, कैदी पळायच्या बेतात दिसतोय. दोघी हसलो. घरी येऊन ती तीन तास झोपली. भांडी मी घासली. आवाज न करता घासायला दुप्पट वेळ लागतो.

९ मार्च

चार दिवस उठली नाही. चादरीचं वजनही सोसत नाही म्हणते. औषधाने तोंड कोरडं पडतं. मुलगा बाहेरच्या खोलीत झोपतो. "तिची झोप मोडायला नको," म्हणतो. आधी खरं वाटलं.

२१ मार्च

मुलाने दुसऱ्या गावची नोकरी घेतली. एकटाच जाणार.

"किती दिवस?"

"कायमचा. आम्ही वेगळं व्हायचं म्हणतोय."

"आम्ही? की तू?"

मग म्हणाला, "सहा वर्षं झाली आई. घरी आलो की चपला काढायच्या आधी कानोसा घेतो, आज कशी असेल. मला नाही जमत आता."

"आजार आहे रे तो तिचा."

"आता आजार झाला? घड्याळ बघून येतं, म्हणून तूच सांगायचीस. रोज सांगायचीस."

सून दारात उभी होती. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

२३ मार्च

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. जवळ जाऊन बसले. "माझं चुकलं गं," म्हटलं.

"हो," म्हणाली. घड्या घालत राहिली.

५ एप्रिल

गेली. दुकानाजवळ तळमजल्यावर एक खोली मिळाली, जिने नकोत म्हणून. मुलाने तिच्या बॅगा गाडीत ठेवल्या, अगदी नीट, काचेचं सामान वर. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पाहुणी निघाल्यासारखी निघाली.

मी विचारलं, "मी येऊ का तुझ्याकडे राहायला?" दोन दिवस मनात घोळवत होते. माझ्या पेन्शनीत दोघींचं भागलं असतं.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "आई, तुम्ही वाईट नाही. पण तुमच्यासमोर 'दुखतंय' म्हणायची मला अजून भीती वाटते. तिथे निदान मोकळेपणी कण्हता येईल."

बरोबर आहे तिचं.

६ एप्रिल

दोघांचाच स्वयंपाक किती करायचा तेच कळेना. भात उरला.

१९ एप्रिल

मुलगा गेला. "येतो," म्हणाला. मी "जपून जा" म्हटलं. दुष्ट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तो थकला, एवढंच. पण तीही थकलीच होती, आणि तिला स्वतःला सोडून कुठे जाता येत नाही.

गाडी वळल्यावर बराच वेळ दारात उभी होते. त्याच्यासाठी रडले की तिच्यासाठी, ठाऊक नाही. ते घड्याळाचं वाक्य त्याच्या हातात मीच दिलं होतं.

३ मे

चष्म्याची दांडी सैल झाली, हे निमित्त. दुकानात गेले. सुनेने स्क्रू आवळला. बोटं सुजल्यासारखी जपून धरत होती, तरी काम चोख. "कशी आहेस?"

"बरी आहे."

खोटं. आता ओळखू येतं. पण मी काही बोलले नाही, हातही लावला नाही. बाहेर येऊन बाकावर बसले आणि पोटभर रडले.

१६ मे

फोन वाजला. धावले. राँग नंबर.

२७ मे

सकाळी अकराला सुनेचा फोन. "आई, फार दुखतंय. येता का?"

चपला पायात आहेत. एवढं लिहिते आणि निघते.