लिफ्टच्या डब्यातून उतरवलेलं तुझं वाक्य

ताईस, धाकटीचा नमस्कार. तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे, पण तू बरी नाहीस आणि माझ्यावर तर भलतीच रागावली आहेस हे मला काल कळलं, म्हणून ते लिहीत नाही. इकडे माझी कंबर ठीक, शिलाईचं मशीन ठीक, हे ठीक नाहीत. पत्र हाताने लिहितेय कारण तू माझा फोन उचलत नाहीस. चौथीनंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सगळं यांच्यामुळे झालं. तुला ठाऊकच आहे, यांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. रिटायर झाले तरी खोड जाईना. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उगाच वरखाली करायचे आणि दोराचा आवाज ऐकून मान डोलवायचे. (तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला विचारायला आल्या की घरात भांडण झालंय का.) मग एक दिवस माझ्या शिलाईच्या दुकानात बसले असताना यांनी तुझा बारा मिनिटांचा निरोप ऐकला. तू आवाजात पाठवतेस ना, तो. तुझा गुडघा, गळका नळ, वरच्यांची सरकणारी कॉट, मी शिवलेल्या पडद्याचा उडालेला रंग. मी पॅन्टला टीप मारत ऐकत होते, मला काही त्रास नव्हता. पण यांच्या डोक्यात काहीतरी सरकलं. म्हणाले, हा निरोप ओव्हरलोड आहे.

महिनाभर घरात स्क्रूड्रायव्हरशिवाय पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी जुन्या लिफ्टच्या बटणांचा एक पत्र्याचा डबा तयार झाला आणि माझ्या फोनला जोडला गेला. कुणाचाही निरोप आला की आधी या डब्यात शिरायचा. वजन चाळीस सेकंद. त्याच्यावर गेला की घंटा वाजायची आणि जास्तीचे शब्द खाली उतरवले जायचे. कुठले उतरवायचे? यांचा जन्म लिफ्टमध्ये गेलाय, ते काय दुसरं करणार? जो शेवटी चढला तो आधी उतरणार. वर मजले केलेले. ज्या निरोपाची सुरुवात तातडीची तो चौथ्या मजल्यावर, म्हणजे मला लगेच ऐकू येणार; ज्याची सुरुवात गुडघ्याने, तो तळमजल्यावर. चेनी आणि बटणं विकणारा माणूस प्रत्येक निरोप "अत्यंत तातडीचं" असाच सुरू करतो, त्यामुळे दोन महिने चौथ्या मजल्यावर तो एकटाच राहत होता. गाण्याच्या बाईंचा एक निरोप तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकला. यांनी पाना लावून दार उघडलं तर आतून नुसता बाईंचा खोकला बाहेर आला. आणि लाल बटण दाबलं की डबा यांच्याच आवाजात सांगायचा, घाबरू नका, आत हवा खेळती आहे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. चौकातल्या वाहतूक पोलिसाने निरोप ठेवला, "पॅन्ट तीन इंच आखूड करा असं मी सांगितलं होतं," मग साहेबांनी काय म्हटलं, बायकोने काय म्हटलं, आणि शेवटी, तेव्हा आता करू नका. ते "करू नका" उतरलं खाली. मी कापली. आता तो चौकात उभा राहतो तेव्हा गाडीवाले सिग्नल सोडून त्याचे घोटे बघतात. त्याने दुकानात येऊन तमाशा केला, तर मी उलट त्यालाच झापलं की बोलायचं ते नीट बोलावं. (त्याची माफी मागायची राहिलीय. मागेन. आधी तुझी.)

आणि उत्तर. महिन्यापूर्वी यांनी डब्यासाठी माझ्या आवाजात एक वाक्यही भरून घेतलं. माझ्या तोंडात तेव्हा चार टाचण्या, समोर गिऱ्हाईक. हे म्हणाले, निरोप भरला की काय सांगायचं ते सांग. मी म्हटलं, "भरलंय, पुढच्या खेपेला या." झालं. ज्याच्या निरोपाला घंटा वाजेल त्याला माझं हे उत्तर आपोआप.

त्यानंतर तुझा एक निरोप आला, गुडघ्यापुरता, आणि मग तीन आठवडे एकही नाही. खोटं कशाला लिहू, पहिला आठवडा मला बरं वाटलं. म्हटलं, ताईचा गुडघा बरा झाला. दुसऱ्या आठवड्यात टिपा वाकड्या पडायला लागल्या. तिसऱ्यात मी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. म्हटलं, राहिली तर राहिली.

काल भाऊजी दुकानात आले. चेन बदलायला. तू ओळखतेसच त्यांना, आठवड्याला पाच शब्द, त्यातले दोन जेवताना. मोजून पैसे ठेवले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "डोळा बरा आहे आता." मी विचारलं कुणाचा. तर म्हणाले, "हिचा." म्हणजे तुझा. मी हातातली कात्री खाली ठेवली, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही.

मी यांना डबा उघडायला लावला. तळाशी एक कप्पा आहे, त्याला हे लॉबी म्हणतात. उतरवलेले शब्द हे टाकून देत नाहीत, (लिफ्टवाला माणूस उतारूला टाकत नाही म्हणे,) तिथे बसवून ठेवतात. दोन महिन्यांचे सगळ्यांचे शेवट तिथे एकमेकांना खेटून बसलेले. कुणाचं "म्हणून येऊ नका", कुणाचं "हे कुणाला सांगू नका हं", पोलिसाचं "करू नका". आणि एका कोपऱ्यात तू. "उद्या सकाळी डोळ्याचं ऑपरेशन आहे. तू ये गं. यांचा हात धरून मी डोळे मिटणार नाही, मला भीती वाटते."

आणि याला माझं उत्तर काय गेलं? भरलंय, पुढच्या खेपेला या.

मी डब्यावर गरम इस्त्री ठेवली आणि उचलली नाही. हे कोपऱ्यात उभे राहून म्हणाले, सुधारता येईल, आधी चढलेल्याला उतरवू. मी म्हटलं, आधी तुम्हीच उतरा. तेव्हापासून जिन्याने जातात.

तुझी धाकटी

ता. क. तुला महिनाभर वाचायला बंदी आहे, म्हणजे हे भाऊजी वाचून दाखवत असणार. भाऊजी, तुम्ही पहिल्या पानानंतर काहीच वाचत नाही. उलटा. वाचा.

ता. क. डबा मोडला असं वाटेल वरून, तसं नाही. झाकण जळलं. चेनवाल्यापुरता यांनी चालू ठेवलाय. यांना वाटतं मला माहीत नाही, तसंच वाटू दे.

ता. क. दुसरा डोळाही करायचा आहे असं भाऊजी जाताना दुकानाच्या पायरीवर बोलले. त्याची तारीख कळव. आधी तारीख बोलायची, मग गुडघा. मी आदल्या दिवशी येते. हाकलायचं असेल तर ऑपरेशन झाल्यावर हाकल, तोपर्यंत हात माझाच धरायचा.

ता. क. ते निरोप पुन्हा पाठवायला लाग. टिपा सगळ्या वाकड्या पडताहेत, गिऱ्हाईक बोंब मारतंय. बारा मिनिटं बोल. पंधरा झाली तरी चालतील. सोळाव्याला मी शिव्या देईन, पण बंद करणार नाही.